तिसऱ्या दोणीतलं पाणी

बेंगळूर, शनिवार

ती. रत्नाक्कास,

आधी आला तो यल्लाप्पा, नळाचा मीटर वाचणारा, आणि तोही मी डोक्याला तेल थापून बसलेली असताना. (अंबूचा साष्टांग नमस्कार तेवढा त्याच्याही आधी घे. अकरा वर्षांनी माझं पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे कुणी गेलेलं नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा दमा?) त्याने मीटर पाहिला, वही पाहिली, मीटरला टिचकी मारली, पुन्हा वही पाहिली, आणि आमच्या खंडोजीकडे असं बघितलं, जसं काही माझ्या लेकाने त्याची सायकल लपवलीय. म्हणाला, "अण्णा, रंगखान्यात काम दुप्पट आणि पाणी निम्म्याहून कमी? हे सरी नाही, बरोबर नाही." झालं. नळाला तार बांधून शिशाचं सील ठोकलं आणि चोरीची वर्दी द्यायला गेला. पाणी कमी वापरलं म्हणून चोर! जास्त वापरलं असतं तर सज्जन.

आता चोरी कसली ते ऐक. रेशमाच्या लडी रंगवून झाल्या की आम्ही त्या तीन दगडी दोणींत एकामागून एक खंगाळतो, हे तू पाहिलेलंच आहेस. पूर्वी प्रत्येक खेपेला तिन्ही दोणी गटारात सोडायच्या आणि पुन्हा भरायच्या. नळाची धार तर करंगळीएवढी. गेल्या उन्हाळ्यात लग्नसराईचं रेशीम तसंच पडून राहायला लागलं, खंडोजीला जेवण जाईना. तेव्हा मी सांगितलं, पहिल्या दोणीचं तेवढं सोडा, दुसरीचं पहिलीत ओता, तिसरीचं दुसरीत, आणि नळाचं ताजं पाणी फक्त तिसरीत. फिकट रंग आधी, गडद मागून. सोडलेलं पाणीही वाळू-कोळशाच्या खड्ड्यातून गाळून कढया आणि फरशी धुवायला घ्या. पिराजी (आमचा जुना रंगारी, आता माझ्यापेक्षाही बहिरा) हात बांधून उभा राहिला, लग्नाचं रेशीम उष्ट्या पाण्यात घालणार नाही म्हणाला. मी त्याच्या कानात ओरडले, पिराजी, आंघोळीला तू पहिल्या तांब्यातच निर्मळ होतोस का? पहिलं पाणी मळ काढायला, शेवटचं शुद्ध व्हायला. शेवटचं ताजंच आहे ना? त्याने जरासा विचार केला आणि दोणीत हात घातला.

तर तासाभरात यल्लाप्पा परत आला, सोबत इंजिनियर पद्माकरराव आणि कुदळीवाले दोघे. पद्माकरराव पुण्याकडचे. बोलतात मराठीच, पण असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलाय. नळाला चोरून जोडलेला पाईप शोधायचा म्हणून त्यांनी अंगण खणायला घेतलं. इकडे सोळा लडी लाल रेशीम नुकतंच कढईतून निघालेलं, खंडोजी त्याच्यापाशी पांढराफटक. दोन दोणी भरलेल्या, पण तिसरीला ताजं पाणी नाही. तसंच वाळलं तर डाग पडणार, माल परत येणार, आणि मग या वर्षी दुसरा कोण विणकर आमच्या दारात येतो? तेवढ्यात कुदळीला खण्ण झालं. पाईप! यल्लाप्पाचा चेहरा दिवाळीसारखा. त्याने घाव घालून फोडला. तो आमच्या मोरीचा निघाला. पुढचं काय सांगू, पद्माकरराव खिशातला पांढरा रुमाल नाकाला लावून थेट माझ्या स्वयंपाकघरात.

बरंच झालं. मी कॉफी दिली, आणि पिऊन झाल्यावर तीन पातेल्यांत पाणी घेऊन पुढ्यात ठेवलं. म्हटलं, साहेब, आपला पेला आपणच विसळा. पहिल्यात, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. आता यल्लाप्पाचा. आता सांगा, यातलं कोणतं पातेलं गटारात ओतून द्यायचं? साहेब पाटावर बसून, पॅन्ट वर ओढून, पेले विसळत होते गं! आणि मग त्यांनी एकट्या पहिल्या पातेल्याकडे बोट केलं. उठले, अंगणात गेले, स्वतः सील तोडलं. तिसरी दोण भरली, मीटर आधी वाचला, नंतर वाचला, सोळाही लडी खंगाळून घेतल्या, आणि शेवटची लड त्याच पांढऱ्या रुमालात पिळली. रुमाल ओला झाला, लाल नाही झाला.

मग म्हणाले, "आजी, हे तुम्हाला शिकवलं कुणी?" मी म्हटलं, कोण शिकवणार? चौथी शिकलेय, पण डोकं माझंच आहे. त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं, अक्का. अंबुबाई, पूर्ण. आता त्यांचे वरचे मोठे साहेब बघायला येणार आहेत. त्यांची खात्री पटली तर नळ राहील आणि बाकीच्या रंगखान्यांनाही हीच रीत दाखवतील. नाही पटली तर पुन्हा सील. मी नवं लुगडं काढून ठेवलंय. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
अंबू

ता. क. मोरी अजून फुटलेलीच आहे. ती कुणी बुजवायची हे कागदात कुठेच नाही.

ता. क. दुसरा. तीन पातेल्यांची युक्ती माझी नाही, हे तू पहिल्याच पानावर ओळखलं असशील. आनेकलला तुझी विहीर आटायची तेव्हा परसात तीन हंडे मांडून भांडी विसळायचीस तू, आणि पिराजीच्या कानात ओरडले ते वाक्यही तुझंच. तुझ्या हेमलताच्या लग्नात तिच्या सासरच्यांसमोर मी म्हटलं होतं ना, रत्नाक्काकडे पाणीसुद्धा उष्टं वाढतात. सगळे हसले होते. तेव्हापासून आपली पत्रं बंद. आता मोठे साहेबही विचारणार, कुणी शिकवलं. तुझ्या पाण्यावर माझं नाव सांगून नळ टिकवला तर ते पाणी मला गिळवायचं नाही. खरं नाव सांगणार आहे, आणि सांगताना तू समोर बसलेली हवीस. पहिल्या बसने ये, खंडोजी स्टँडवर उभा राहील. पायावर पाणी मी घालीन, मोजून, एकच तांब्या. मोठे साहेब गुरुवारी सकाळी दहाला येतो म्हणालेत.