सरळरेघेसाठी मॉनिटर

प्रिय सरळरेघ,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून गप्प होतो. पत्र टेबलावर पडून राहतं आणि खुणावत राहतं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आज नाही उघडलंस तर उद्या दुपारच्या चहानंतर उघडशीलच. तर चहा झालाय असं धरून चालते आणि बातमी आधी सांगून टाकते, कारण ती आता पोटात मावत नाहीये. मी कॉम्प्युटर बनवला! विकत आणला नाही, बनवला. सुटे भाग निवडून, जेवणाच्या टेबलावर मांडून, स्क्रू पिळून, स्वतःच्या हातांनी. आणि तो चालतोय. इतका झकास चालतोय की आमचे हे सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

हसलीस ना? हस. कॉम्प्युटर म्हटलं की नाक मुरडणारी मी. आपल्या ऑफिसात पहिलं यंत्र आलं तेव्हा मोठ्या साहेबांनी ते नेमकं आपल्या दोघींच्या ड्रॉइंग बोर्डांच्या मधोमध ठेवलं होतं, प्लास्टिकचं कव्हर घालून, एखाद्या आजारी पाहुण्यासारखं. पुढे बोर्ड गेले, प्रिंट काढायच्या खोलीतला तो डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास गेला, मग एकेक माणूस गेलं. आपण दोघी शेवटपर्यंत टिकलो, कारण जुन्या इमारतींची कामं दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. मी ट्रेसिंगवर शाई सांडायची आणि ब्लेडने खरवडत बसायची, म्हणून खोडरबर. तू पट्टी न लावता कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचीस आणि साहेब तिच्यावर पट्टी ठेवून बघायचे, म्हणून सरळरेघ. ही नावं इतकी चिकटली की तुझ्या लेकीला लहानपणी खोडरबर मावशी हेच माझं खरं नाव वाटायचं. निवृत्तीनंतर तू घरी कामं घेत राहिलीस. मी कडी लावली ती लावलीच. मग आता या वयात हिच्या अंगात काय शिरलं, असं विचारशील. सांगते, पण मला माझ्या क्रमाने सांगू दे. शेवटचं पान आधी बघायची तुझी खोड मला माहीत आहे.

आधी वाटलं, तयार लॅपटॉप घ्यावा. लेकाकडचा बघितला. त्याच्यावर इमारतीच्या एका मजल्याचा नकाशा उघडला तर खिडक्या मुंग्यांएवढ्या. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला. तेव्हाच ठरवलं, सुरुवात मॉनिटरपासून करायची. लोक आधी आतलं यंत्र घेतात आणि मॉनिटर शेवटी, मिळेल तो. मी उलट केलं. दिवसभर बघायचं असतं ते पडद्याकडे, आतल्या चिपकडे कोण बघतंय!

सुट्या भागांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मालक माझ्या निम्म्या वयाचा, दाढीवाला, कानावर पेन्सिल खोचलेला. "काकू, नातवासाठी का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नातवासाठी नाही, माझ्यासाठी, नकाशे काढायला. तो मला थेट दुकानातल्या सगळ्यात भारी मॉनिटरसमोर घेऊन गेला. केवढा तो! या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि धनुष्यासारखा आत वळलेला. यासमोर बसलं की जगाचा विसर पडतो, म्हणाला. जगाचा पडेल गं, पण रेघेचं काय? मी त्याला पडद्याच्या वरच्या कडेजवळ एक आडवी रेघ काढायला लावली. बघते तर रेघ मध्येच झोळीसारखी वाकलेली. सिनेमाला चालेल, खेळाला चालेल. पण जिने जन्मभर रेघ सरळ आहे की नाही एवढंच बघितलं, तिला अशा पडद्यासमोर बसवलं तर ती रोज भिंती पाडून पुन्हा बांधेल. सपाट दाखवा, म्हटलं. मग एक चकचकीत निघाला. त्यात नकाशापेक्षा माझाच चेहरा जास्त दिसत होता. बाद. एकाचं चित्र फार सुरेख होतं, पण अक्षरं इतकी बारीक की मुंग्या परत आल्या. तोही बाद. शेवटी मनासारखा सापडला. सत्तावीस इंची, सपाट, न चमकणारा, बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा, वर-खाली सरकणारा आणि हवा तेव्हा उभा फिरणारा. उंच इमारत उभ्या पडद्यावर कशी दिसते म्हणून सांगू! मी खोकं तिथेच उघडायला लावलं, पडदा आधी पूर्ण पांढरा करायला सांगितला, मग पूर्ण काळा, आणि भिंग लावून कोपरे तपासले. एक ठिपका मेलेला निघाला. दुसरा नग उघडायला लावला. तो पास झाल्यावर म्हटलं, आता याचा जुळा भाऊ द्या. "दोन?" तो म्हणाला. दोन, मी म्हटलं, अगदी एकसारखे. कशाला, ते त्याने विचारलं नाही. तूही आत्ता विचारू नकोस.

बाकीच्या बाबतीत मात्र त्याने मला शिकवलं. माझं मन एका पांढऱ्याशुभ्र कॅबिनेटवर, म्हणजे सगळे भाग ज्यात बसवायचे त्या खोक्यावर, बसलं होतं, पुढून काचेच्या. त्याने काचेवर हात ठेवून विचारलं, "काकू, यात हवा कुठून शिरणार?" आणि एक जाळीचं समोर ठेवलं, दिसायला थेट चाळणी, पण आत गार राहणारं. प्रोसेसर मी सगळ्यात मोठा मागायला निघाले होते. तो म्हणाला, नकाशाच्या कामाला शंभर मजूर लावून उपयोग नाही, झपाझप हात चालवणारा एकच गवंडी लागतो. हे माझ्या डोक्यात लख्ख शिरलं. म्हणून कोअर, म्हणजे आतले ते मजूर, बेताचे, पण वेग उत्तम. ग्राफिक्स कार्ड दोन मॉनिटर आरामात ओढेल एवढंच, रॅम मात्र सढळ हाताने. वीज पुरवणाऱ्या डब्याच्या बाबतीत त्याने माझं काहीच चालू दिलं नाही. तो हलका घेतला तर एकटा मरत नाही, बाकीच्यांनाही घेऊन जातो, म्हणाला. निघताना मी एक वस्तू मागितली, ती त्याला माळ्यावर चढून शोधावी लागली. एका जागी बसून राहणारा माउस, वर लिंबाएवढा गोळा. गोळा बोटांनी फिरवायचा, की पडद्यावरचा बाण फिरतो. हात हलवावाच लागत नाही. हे हल्ली कोण वापरतं, म्हणून तो हसला. लागतो एकीला, मी म्हटलं.

मग ती जोडणी! टेबलावर पांढरी चादर, त्यावर सगळे भाग, आणि हे टॉर्च धरून, शस्त्रक्रियेला उभे असल्यासारखे. सगळ्यात नाजूक तो प्रोसेसर. एवढासा चौकोन, कोपऱ्यात सोनेरी त्रिकोणाची खूण, खुणेला खूण जुळवून तो अलगद सोडायचा, दाबायचं नाही. मग पंखा, मग तारा, तारा आणि तारा. सगळं लावून बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि दोन्ही मॉनिटर ठार काळे. ह्यांनी लगेच दुकानदाराला बोलवायचं काढलं. म्हटलं, थांबा. आपण साहेबांकडे नकाशा पाठवण्याआधी तपासायचो तशी तपासायला बसले. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, प्रत्येक जोडावर बोट ठेवून, तोंडाने म्हणत. मधोमध आले तेव्हा दिसलं, रॅमच्या पट्टीची एक बाजू खिटीत बसलीये, दुसरी नुसती टेकलीये. अंगठ्याने दाबली. टक्! बटण दाबलं आणि दोन्ही पडदे एकदम उजळले. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, टॉर्च पायावर पडला, तरी वाजवतच राहिले. मी काय केलं विचारू नकोस. या वयाच्या बाईने जेवणाच्या टेबलाभोवती नाचू नये, एवढंच सांगते.

शिकायला त्रास झाला, पण झाला तसा सरला. आधी एका सुताराची कपाटं काढली, मग एका दवाखान्याची फरशी, मग एका शाळेच्या नव्या मजल्याचे सगळे नकाशे. ते मंजुरीला गेले आणि पहिल्या फटक्यात पास होऊन आले, एकही लाल खूण नाही. आठवतं, आपल्या वेळी किती खेटे घालावे लागायचे? आणि ते नकाशे कुणाच्या हाती पडावेत? धाकट्या साहेबांच्या! मोठ्या साहेबांचे चिरंजीव, ज्यांनी आपल्याला निरोपाचं ते लांबलचक भाषण दिलं होतं, ते. त्यांचा फोन आला: इतकी स्वच्छ कामं हल्ली बघायला मिळत नाहीत, हे कोणतं ऑफिस? मी म्हटलं, आमचं. मग आवाज ओळखून त्यांची जी त्रेधा उडाली, ती ऐकायला तू हवी होतीस.

आता इतका वेळ जे बाजूला ठेवलं ते सांगते. मागच्या वेळी तुझ्याकडे आले तेव्हा चहा लेकीने आणला, आणि तुझा उजवा हात मी निघेपर्यंत शालीबाहेर आला नाही; शाल मात्र तिथे सारखी थरथरत होती. खिडकीपाशी बोर्ड असायचा तिथे कुंड्या होत्या. मी कुंड्यांचंच कौतुक करून निघाले. घरी येऊन मात्र मला राहवेना. म्हणून कॉम्प्युटर जोडून चार रेघा काढता यायला लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर लांब वायर ओढून तो गोळ्याचा माउस आमच्या वॉशिंग मशीनवर ठेवला, पडदा समोर फिरवला आणि कपडे पिळायला लावले. ते मशीन कसं गदगदा हलतं, तुला माहीत आहे. त्याच्यावर कोपर टेकून रेघ काढायला लागले. पहिल्यांदा बाण चिमणीसारखा सैरावैरा उडाला. मग बाणाचा वेग कमी केला. एक बटण आहे, ते दाबलं की रेघ आडवी जाते नाहीतर उभी, भलतीकडे जातच नाही. आणखी एक आहे, त्याने रेघेचं टोक कोपऱ्याजवळ आलं की लोहचुंबकासारखं कोपऱ्यालाच चिकटतं. हात थरथरत होता, दात वाजत होते, हे दारात उभे राहून मला वेड लागल्यासारखं बघत होते, आणि पडद्यावर रेघ आली ती सरळ. मी पट्टी लावून बघितली. मग अख्खी खोली काढली, दार-खिडक्यांसकट. कपडे कधीच पिळून झाले होते. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

पण हे पत्र तुझी कीव येऊन लिहिलेलं नाही, आणि तसं वाटलं तर फाडून टाक. धाकट्या साहेबांनी मला जुन्या वाचनालयाचं काम दिलंय, तळघरापासून घुमटापर्यंत, आणि मी हो म्हणून बसलेय. भिंती मी काढीन, घुमटही कसाबसा काढीन. मधोमध मात्र गोल जिना आहे, तीन मजले चढणारा, आणि जिना मला येत नाही गं. कधीच आला नाही. ऑफिसातला प्रत्येक जिना तू सोडवायचीस आणि मी नुसती शाई भरायची. कुठे पायरी निमुळती होते, कुठे उतरणाऱ्याचं डोकं आपटेल, हे तुला पेन उचलायच्या आधी दिसायचं. मला आजही दिसत नाही, दोन सोडून दहा मॉनिटर लावले तरी. साहेबांना मी सांगून टाकलंय की ऑफिस दोघींचं आहे. तो जुळा मॉनिटर आणि गोळ्याचा माउस तुझ्यासाठीच घेतलेत. गुरुवारी सकाळी ह्यांच्याबरोबर गाडी घेऊन तुला न्यायला येतेय. नाही म्हणायचं असेल तर दार उघडून तोंडावर म्हण, पण चष्मा घालून म्हण. त्या जिन्याची मापं माझ्या हातात असतील, आणि ती बघितल्यावर तुझ्या तोंडून नाही कसं निघतं तेच मला बघायचंय.

वाट अडवून बसलेली, तुझीच,
खोडरबर