रिकामा साचा थोरल्याने भरावा

आधी तक्रार, नमस्कार मागाहून. बाहेरच्या खोलीत थोरल्या मुलाने कुटुंबाच्या वंशावळीचा कागद चौकटीत लावलाय, त्यात माझी गेलेली धाकटी लेक नाही. तिची पोर जिवंत आहे, माझ्याच घरात वाढतेय, तीही नाही.

मी, पूर्ण शुद्धीवर असलेली, शाळा चौथीत सुटलेली बाई, कोणाच्याही दबावाविना (मला कोण दाबणार?) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते.

राहतं घर नातीला. थोरल्याला स्वतःचं आहे, त्याने तोंड वाकडं करू नये.

शिलाई मशीन सुनेला. इतकी वर्षं माझ्या टाक्यांना नावं ठेवली, आता स्वतः घालून बघावेत.

गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ नणंदेला. तो आजारी पडल्यापासून तिचा त्यावर डोळा होता. बंद आहे हे तिला सांगू नये.

आता तो कागद. थोरला संगणकावर काम करतो. एका फाइलीत माहिती, प्रत्येक गोष्टीला खूण लावून. कोणती खूण कागदावर कशी दिसावी याचे साचे दुसऱ्या फाइलीत. धाकटी गेल्यावर त्याने ‘मयत’ या खुणेचा साचा रिकामा ठेवला.

मी विचारलं, “पुसलंस तिला?”

“नाही गं आई. फाइलीत आहे ती, नुसती दिसत नाही. तुला रोज बघून त्रास नको.”

“आणि तिची पोर?”

त्याने फाइल उघडून पाहिली. पोरीची नोंद आईच्या नोंदीच्या आत. आईचा साचा रिकामा, मग आत कोण आहे हे बघतंच कोण? त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. “करतो,” म्हणाला. अजून करतोय.

त्याच रिकाम्या साच्यामुळे माझ्या शेजारून नवराही दिसेनासा झाला. त्याचं मला फार नाही.

पण तुम्ही सगळे माझ्या नोंदीच्या आत आहात. मला ‘मयत’ची खूण लागली की कागद कोरा निघेल.

म्हणून थोरल्याला वस्तू नाही, काम देते. मला खूण लावण्याआधी तो साचा भरायचा: नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली आतल्यांकडे बघायला सांगणारी ओळ. लिहिताना रडू येईल. येऊ दे. मलाही येतं, त्या कागदाकडे पाठ करून.

सही: माझी, वाकडी पण माझीच.
साक्षीदार: खालच्या मजल्यावरची नर्स, कोपऱ्यावरचा कुलूपवाला.
ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: धाकटीचा वाढदिवस. थोरल्याला पाठ आहे.

नातीने चौकटीपुढे उभं राहून “माझी आई कुठे आहे?” विचारलं, तर सुनेने, साक्षीदारांनी मध्ये बोलू नये. उत्तर थोरल्यानेच द्यायचं, कागदावर बोट ठेवून.