मुडीतलं नाटक

दिग्गी, माघ शु. ७
वाळवीने दुसरा अंक खाल्ला. पहिल्याला नुसतं तोंड लावून सोडलं. तिलाही जड गेला असावा. जन्मभर कॉलेजात इंग्रजी नाटकं शिकवली, स्वतः मराठीत एकच लिहिलं, त्याची ही पहिली वाचक. दुसरा अंक आठवून पुन्हा लिहायला बसलो. खोकला चालू. देवकूने पेज आणून ठेवली, ती निवली.

माघ व. ५
अंक झाला. वाळवीने खाल्लेल्यापेक्षा बरा उतरला, की तो आता नीट आठवत नाही म्हणून बरा वाटतो, कोण जाणे. ठेवायचा कुठे? देवकू म्हणाली, मुडीत. माझं घर आणि शेत दोन्ही तीच बघते. पुढच्या पेरणीचं भात पेंढ्यात गच्च आवळून चुलीवर धुरात टांगतात. तिथे वाळवी फिरकत नाही म्हणे. शेवटची मुडी बांधायची राहिली होती. सगळं नाटक मेणकापडात गुंडाळून दिलं. तिने ते बियाण्याच्या मधोमध ठेवून दोर आवळला. हसू आलं. प्रिन्सिपॉलसाहेबांची जुनी पत्रं मात्र पत्र्याच्या पेटीतच. साहेबाला धूर सोसायचा नाही.

फाल्गुन शु. ३
वामनचं पत्र. माझा विद्यार्थी, आता माझ्याच खुर्चीत बसतो. ग्रंथ छापायचा आहे, 'आपले वाङ्मयीन कागद' बघायला येतो म्हणतो. दोनदा वाचलं. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझे कागद…
देवकूला सांगितलं, पाहुणा येणार, चांगले तांदूळ काढ. तो यायला अवकाश आहे, आणि मी आजच दाढी करून बसलो.

फाल्गुन शु. ११
वामन आला. कॅसलरॉकला उतरून बैलगाडीने. अंग मोडलं म्हणून कुरकुरत होता. चहा व्हायच्या आत उलगडा झाला. ग्रंथ प्रिन्सिपॉलसाहेबांवर. त्यांनी मला लिहिलेली पत्रं त्यात घालायची आहेत. माझे कागद म्हणजे तेवढे. पेटी उघडून दिली.
मग मीच होऊन नाटकाचं काढलं. हात दाखवून अवलक्षण. वामन म्हणाला, "सर, आजच द्या. गाडीत वाचतो. बरं असेल तर छापखान्यात माझी ओळख आहे."
देवकूला म्हटलं, मुडी उतरव. ती हललीच नाही. बांधलेली मुडी पेरणीलाच सोडायची, आधी सोडली तर बी रुजत नाही, म्हणाली. वामनला हसू आलं. मी चिडलो. शेत माझं आहे, हेही बोलून गेलो. तेव्हा तिने मुडी उतरवून पुढ्यात ठेवली, वर कोयता आणून माझ्या हातात दिला.
"तुमचं हाय तर तुमीच कापा, मास्तर. मी आड येत न्हाई. पन आमच्या पोरांनी वर्सभर काय खायाचं, ते बी तुमीच सांगा."
कोयता खाली ठेवला. वामन पत्रं घेऊन गेला.

फाल्गुन व. १
शिमगा. ढोल डोक्यात वाजताहेत. देवकूचा नवरा बाबलो येऊन पाया पडला. आमच्या बियाण्यासाठी मास्तरांनी छापणं सोडलं, अशी गावभर बातमी. "तुमी देवमानूस," म्हणाला. फुकटचं देवपण कोण नाकारतो?

चैत्र शु. १०
इथे तरी खरं लिहू. बियाण्याची मला काडीची पर्वा नव्हती. हात थांबला तो वामनच्या 'बरं असेल तर' या शब्दांनी. त्याला पेपर तपासायला मीच शिकवलं. गाडी लोंढ्याला पोचायच्या आत तो कागद मिटून ठेवील, हे मला डोळ्यांपुढे दिसलं. मुडीत आहे तोवर नाटक उत्तम आहे. भेकड माणसाला देवकूची रीत कामी आली.

वैशाख शु. ४
वामनने छापलेली पानं पाठवली. साहेबांची पत्रं, खाली बारीक अक्षरांत माझं नाव: 'पत्रे जपून ठेवल्याबद्दल आभारी आहोत.' मग आभार पेटीचे मानायचे. मूळ पत्रात एके ठिकाणी साहेब विचारतात, तुमचं नाटक कुठवर आलं? छापताना ती ओळ गाळली आहे. जागा पुरली नसेल. दिवसभर काही खाल्लं नाही.

वैशाख व. १२
खोकल्यात रक्त. लोंढ्याचा डॉक्टर म्हणतो, बेळगावला जा. जात नाही.
देवकू येऊन गेली. उद्या धूळपेरणी, पावसाआधी कोरड्या मातीत. मुडीची पहिली गाठ मी सोडायची, असं तिच्या घरात सगळ्यांनी ठरवलंय. "तुमी राखलंसा, तुमीच सोडा," म्हणाली. बरं म्हटलं.
कागद हातात आले की वाचायचे, की तसेच चुलीत सारायचे, अजून ठरत नाही. सकाळी मला उठता आलं नाही तर तीच सोडील. भात सुपात घेईल, नाटक बाजूला ठेवील, शेतावर जाईल. तिला अक्षर येत नाही, एवढं बरं आहे.