गोड बोलणारे व्याही

आदरणीय व्याहीबुवा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात जमत नाही, म्हणून कागदावर घालतो आहे. कागदावर मात्र पार आडवा पडलोय असं समजावं.) आपली तब्येत कशी आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. नऊ दिवस झाले, आपण माझा फोन उचलत नाही. अठ्ठावीस वेळा लावला. शेवटी आमच्या हिने फोन काढून घेतला आणि कागद-पेन पुढ्यात टाकलं. हे पत्र आपल्या सूनबाईच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या हाती पाठवतोय, तेव्हा ते खरोखर माझंच आहे याबद्दल शंका नको. यात कुठेही लिंक नाही, कुठे बोट दाबायचं नाही, काही जिंकल्याचं अभिनंदन नाही. फक्त फाडण्याआधी एकदा वाचा, एवढीच विनंती.

झालं असं की मागच्या मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. (होतं, एक जोडपं होतं, पण ते अर्ध्या तासापासून डबल बेडच्या गादीवर पडून मऊ की कडक यावर भांडत होतं, आणि अशा वेळी गादीवाल्याने मध्ये पडू नये हा माझा तीस वर्षांचा नियम आहे.) मी फोन चाळत बसलो होतो, तेवढ्यात आपल्या नावाने मेल आली. सुरुवातच ‘प्रिय मित्रा’ अशी. पुढे लिहिलं होतं की एका जुन्या सहकाऱ्याचं तातडीचं ऑपरेशन आहे, माझं बँकेचं ॲप नेमकं आजच बंद पडलंय, तर सोबतच्या खात्यावर पंचेचाळीस हजार पाठवावेत, संध्याकाळी परत करतो. आत्ता हॉस्पिटलात आहे, फोन करू नका, घरात कोणाला बोलू नका, विनाकारण काळजी करतील. आणि शेवटी, ‘हे मागायला तुमच्याइतकं जवळचं मला दुसरं कोणी नाही.’

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? लेक म्हणते, सरळ फोन करून विचारायचं. अगं, विचारायचं काय? ‘व्याहीबुवा, पैसे तुम्हीच मागितलेत का?’ असं? समजा आपणच मागितले असते, तर? आयुष्यात पहिल्यांदा माणूस तोंड उघडून काही मागतो आणि मुलीचा बाप उलटतपासणी घेतो! जन्मभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. एकदा वाटलं, विहीणबाईंना खोकल्याची चौकशी करायला म्हणून फोन लावावा आणि मधेच हळूच, ‘व्याहीबुवा आज कुठे?’ असं सोडून द्यावं. लावलासुद्धा. तर त्यांनी खोकल्यावरच अकरा मिनिटं घेतली आणि मग कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून दिला. चोरांना आपला हा मानपानाचा घोळ बरोब्बर ठाऊक असतो बघा. ‘फोन करू नका’ एवढं लिहिलं की आपण आपल्या हाताने तोंडाला कुलूप लावतो.

आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. रागावू नका, पण चार वर्षांत आपला मला आलेला सगळ्यांत मोठा निरोप म्हणजे ‘पोचलो.’ उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं आपलं, बोलणंही तसंच मोजून. मागच्या वर्षी आपल्याला गादी हवी होती. माझ्या दुकानात आलात, चार गाद्यांवर पडून पाहिलंत, माप घेतलंत, चहा नको म्हणालात आणि गादी समोरच्याकडून घेतलीत. सवलत घ्यावी लागेल म्हणून! मला समजलं होतं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि अशा माणसाची ‘तुमच्याइतकं जवळचं कोणी नाही’ म्हणून मेल येते. मी पाठवले हो पैसे. पाठवून झाल्यावर त्या भांडणाऱ्या जोडप्याला उशा फुकट दिल्या.

अर्ध्या तासात दुसरी मेल, आणखी साठ पाठवा. आता एका दिवसात तेवढे फोनवरून जाईनात, म्हणून मी उड्या मारत बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कारण विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, व्याहीबुवांना हवेत. त्या म्हणाल्या, त्यांचा आवाज ऐकलात का? मी म्हटलं, बाई, त्यांचा आवाज एरवीही कोणी फारसा ऐकलेला नाही. त्यांनी माझ्या फोनवर तुमच्या नावावर बोट ठेवलं, तर नावामागून मेलचा भलताच पत्ता निघाला. नाव तुमचं, आणि मागे कुठल्या तरी टिनपाट दुकानाचा पत्ता! मग त्यांनी धडाधड तक्रार नोंदवली, ते खातं गोठवायला लावलं. म्हणाल्या, लगेच आलात म्हणून आशा आहे, पण नावावर जाऊ नका, पत्ता बघा. कोणी घाई केली की तुम्ही सावकाश व्हा. आणि पैसे मागणाऱ्याशी ओळखीच्या जुन्या नंबरावर बोलल्याशिवाय दमडी सोडू नका. मी मान हलवत होतो. रांगेतले सात जणही मान हलवत होते, हे जास्त लागलं.

त्या रात्री लेकीने माझी शिकवणी घेतली. ओटीपी सख्ख्या आईलाही सांगायचा नाही, बँक फोनवर पिन विचारत नाही, आणि अनोळखी नंबरवरून कोणी ओळखीचा म्हणवत असेल तर घरातल्यांनाच माहीत असेल असा प्रश्न विचारायचा. हा शेवटचा धडा मी जरा जास्तच मनावर घेतला. कारण दुसऱ्या संध्याकाळी, दुकान भरलेलं असताना, अनोळखी नंबरवरून आपला फोन आला. (आपण घाबरून जुना नंबर बंद केलात हे मला काय माहीत!) आपण म्हणालात, मी व्याही बोलतोय, माझ्या नावाने मेल आली असेल तर पैसे पाठवू नका. मी मनात म्हटलं, सापडला लेकाचा. विचारलं, विहीणबाईंच्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उजव्या की डाव्या? आपण म्हणालात, कुठल्याच नाही. मी म्हटलं, पकडला! (ते ऑपरेशन आमच्या मेहुणीचं होतं. हे मला हिने नंतर सांगितलं, तेही कपाळावर हात मारून.) आपण समजावायला लागलात, चांगली चार-पाच वाक्यं बोललात, आणि तिथेच माझी खात्री पटली, कारण माझे व्याही एका दमात चार वाक्यं बोलत नाहीत.

पुढे मी काय बोललो ते आपल्याला माहीत आहे. भामट्या म्हणालो, भुरट्या म्हणालो, लाज वाटत नाही का विचारलं. इथवर ठीक होतं, ते चोराला होतं. पण मग, ‘माझे व्याही खडूस असतील, माणूसघाणे असतील, लग्नाच्या फोटोतसुद्धा मोजणीला उभं राहिल्यासारखे उभे असतील, पण तुझ्यासारखे चोर नाहीत!’ हे जे म्हणालो, ते मी आपली बाजू घेऊन म्हणत होतो, व्याहीबुवा. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. आपण शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, ‘बरं’ म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या ‘बरं’वरून मी आपल्याला ओळखलं.

तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. येत्या रविवारी पोरं स्वतःच्या घरात राहायला जाणार, आणि आपण म्हणे सोमवारी जाऊन याल, माझी गाठ पडू नये म्हणून. लेक खोकी बांधता बांधता डोळे पुसते. सासऱ्यांची बाजू घ्यावी की बापाची, हे तिला कळत नाही आणि दोन्ही बाजूंना चूक सापडत नाही. मला फार वाईट वाटतंय. पैसे गेले तर गेले, गाद्या विकून पुन्हा येतील. पण चोराने तुम्हांलाच चोरून नेलं तर मी तक्रार कुठे करू?

विहीणबाईंना नमस्कार. राग सोडावा.

आपला,
गादीवाला व्याही

ता. क. ‘खडूस’ मी एकदाच म्हणालो असं मला आठवतं. ही म्हणते तीनदा. आपण मोजले असतीलच. आपला आकडा मान्य.

ता. क. २. आपले चिरंजीव म्हणाले, चोरांच्या हाती आपल्या ओळखीच्यांचे पत्ते लागले ते ‘पार्सल अडकलंय’ अशा निरोपातल्या लिंकवर आपणच बोट ठेवल्यामुळे. मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. (हिला सांगितलंय. आणि हिने विहीणबाईंना.) पासवर्ड बदला, आणि नव्यात नातवंडांची नावं घालू नका, ती अजून झालेली नाहीत, पण तरी.

ता. क. ३. वर एक गोष्ट लपवली आहे. बँकेतल्या बाईंनी विचारलं होतं, तुम्हांला शंका आली नाही? मी नाही म्हणालो. आली होती. ‘प्रिय मित्रा’ वाचलं तेव्हाच आली होती. पण शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं, आणि ते खोटं ठरवायला माझं मन धजावलं नाही. म्हणून पैसे पाठवले. हे कोणालाच सांगितलेलं नाही, हिलाही नाही.

ता. क. ४. तर मूळ विनंती अशी. रविवारी या. आणि येण्याआधी मला फोन करून काहीतरी मागा. काहीही चालेल, छत्री, स्टूल, स्टेशनवर आणायला या म्हणा. मी एकही प्रश्न विचारणार नाही, गुडघ्याचा तर मुळीच नाही. नेहमीसारखं दोन शब्दांत मागा, म्हणजे मला ओळख पटेल. गोड बोललात, तर मात्र फोन ठेवून देईन.