ग्रहणाआधीची शिवण

वायेस, ६ ऑक्टोबर १९९१

चि. ऑर्तेन्सियास, तुझ्या आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझ्या एवारिस्तोला मुलगी झाली. वीस सप्टेंबरला. नाव ओफेलिया. तार मुद्दामच केली नाही. पोरीचा उजवा डोळा बारीक आहे आणि त्यातली बाहुली गोल नाही, कुलपाच्या भोकासारखी खाली ओघळली आहे. डावा वरून तरी बरा दिसतो.

जुलैत ग्रहण लागलं तेव्हा सूनबाई न्येवेस सातव्या महिन्यात होती. बाळाला ग्रहण बाधू नये म्हणून पोटावर लावायला मी तिला लाल फीत आणि सेफ्टीपिन काढून दिली. तिनं ती माझ्या शिलाई मशीनवर ठेवली आणि गच्चीवर गेली, भरदुपारी कोंबड्या झाडावर चढतात ती गंमत बघायला. पोर पाहिल्यावर मी एवढंच म्हटलं, की बाई, हे तुझ्या हौसेचं फळ. दुसऱ्या दिवशी न्येवेस ओल्या अंगानं लेकीला घेऊन हिलित्ल्याला आईकडे निघून गेली. एवारिस्तो माझ्याशी बोलत नाही, अर्ध्या ताटावरून उठतो.

तू तिथे राजधानीत आंधळे मासे पाळून डोळ्यांचं शिकतेस म्हणे. यावर काही औषध आहे का, ते कळव. आणि माशांतून सवड मिळाली तर एखादा डोळस नवराही बघ, तिशी उलटली तुझी.

तुझी वाट बघणारी,
डोमितिला आत्या

मेक्सिको शहर, १७ ऑक्टोबर १९९१

ती. आत्यास, ऑर्तेन्सियाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे.

तू कापड बेतणारी, तुला शिवणीच्या भाषेत सांगते. पोटातल्या बाळाचा डोळा आधी वाटीसारखा होतो. वाटीला खालून एक फट असते. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती मिटते, कडा जुळवून शिवण घालावी तशी. ओफेलियाची मिटली नाही. आता बोटांवर मोज. वीस सप्टेंबरचा जन्म, म्हणजे ती शिवण फेब्रुवारीत पडायची होती, तुम्ही कान्देलारियाच्या सणाचे तमाल खाल्ले त्या सुमारास. दिवस गेलेत हे तेव्हा न्येवेसलाही नीट ठाऊक नसेल. ग्रहणाला अजून पाच महिने होते. शंभर पिना लावल्या असत्या तरी काय होणार होतं?

माझे मासे आपल्याच डोंगरातल्या गुहांचे. त्यांच्याही पिल्लांना आधी डोळा धरतो, मग वाढायचा थांबतो. त्यांनी कुठलं ग्रहण पाहिलं? आईबापांकडून जी बेतणी येते, जिला आम्ही जनुकं म्हणतो, तीच तशी असते. गेल्या महिन्यात मी दोन वेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांची जोडी लावली. त्यांच्या काही पिल्लांना डोळे आले. काचेवर सावली पडली की दचकतात. दोघांची चूक वेगवेगळ्या जागी होती, म्हणून एकाचं उणं दुसऱ्यानं भरून काढलं. मी टाकीपाशी बसून रडले, हे वडिलांना सांगू नकोस.

माणसांत असं होईलच असं मी म्हणत नाही. पण पोरीला सान लुईसला दाखवा. तिथे माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत. एवारिस्तोचे आणि तुझेही डोळे तपासून घ्या. हे घराण्यातून येतं, पुष्कळदा ज्याला असतं त्याला कळतही नाही. न्येवेसलाही मी हेच लिहिते आहे.

रागावलीस तरी प्रेम आटू देऊ नकोस,
ऑर्तेन्सिया

वायेस, १ डिसेंबर १९९१

चि. ऑर्तेन्सियास आशीर्वाद.

सान लुईसला जाऊन आलो. न्येवेस लेकीला घेऊन परस्पर तिथे आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आधी पोरीचं सांगते. उजव्या डोळ्याचा फार उपयोग व्हायचा नाही. डाव्यातही मागच्या पडद्याला खाली फट आहे, पण नजरेची मुख्य जागा वाचली आहे. चष्मा लागेल, पडदा सुटत नाही ना हे वरचेवर बघावं लागेल. पण पोरगी पुस्तक वाचेल, असं बाई म्हणाल्या. एवारिस्तोच्या डोळ्यातही तशाच फटीचा, मोहरीएवढाही नाही असा एक व्रण निघाला.

मग माझी पाळी. बाईंनी थेंब घातले, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की वरच्या वस्तूंवर तुमचं डोकं आपटतं का. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? कपड्यांची दोरी, शेजारणीची टांगलेली कुंडी, बसचं दार, जन्मभर मी टेंगळं घेऊन फिरते. तुझे काका म्हणायचे, हिचं लक्ष शिवणात असतं. वर एवढंच दिसतं सगळ्यांना, असं मला वाटायचं. बाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला खाली फट आहे, जन्मापासूनची; वरचं चित्र तिथेच उमटतं, म्हणून वरचं दिसत नाही.

न्येवेस बाहेर बाकावर पोरीला पाजत होती. मी तिच्यासमोरून सरळ बसथांब्याकडे चालत गेले. एवारिस्तो म्हणतो, तुझं तू सांग. तूच लिहून कळव ना तिला. तुझ्या शब्दाला ती मान देते.

आत्या

मेक्सिको शहर, ९ डिसेंबर १९९१

ती. आत्यास सा. न.

ते पत्र मी लिहिणार नाही. हिलित्ल्याची बस तुझ्या कोपऱ्यावरून सुटते.

तुझीच,
ऑर्तेन्सिया

हिलित्ला, २२ फेब्रुवारी १९९२

प्रिय ऑर्तेन्सियाताईंस, न्येवेसचा नमस्कार.

सासूबाई आल्या होत्या. आल्या त्या सरळ अंगणात उभ्या राहिल्या आणि माझी आई, दोन मावश्या, कॉफी निवडणाऱ्या बायका अशा सगळ्यांदेखत म्हणाल्या, की खोट माझ्याकडची आहे, माझ्या डोळ्यातून लेकाकडे आणि त्याच्याकडून नातीकडे गेली. सुनेला मी फुकट बोल लावला. मावशीनं खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

ताई, मला लगेच बरं वाटलं, असं खोटं लिहीत नाही. पाच महिने मी रोज ती गच्ची आठवून स्वतःला खात होते. तुमचं पत्र आल्यावरही थोडं. तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी तक्रार केली नाही. पोरीची दुपटी धुतली, तिच्या चष्म्याला मागून बांधायची पट्टी शिवली. चष्मा लावल्यावर ओफेलियानं मान पार मागे टाकून माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. तेव्हा आम्ही दोघी रडलो.

दुसरं मूल झालं तर, असं एवारिस्तो विचारतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, नाणं उडवण्यासारखं आहे. मी म्हटलं, होऊ दे, आता निदान जन्मल्याबरोबर डोळे तपासता येतील.

ईस्टरच्या पवित्र आठवड्यानंतर मी वायेसला परत जाते आहे. अट एकच घातली होती, की मी पोचायच्या आत सगळ्या गल्लीला खरं काय ते कळलेलं असावं. काल त्यांचं पत्र आलं. गिरणीवर सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, पिना विकणाऱ्या बाईला तर दुकानात जाऊन सांगितलं. आणि परतीच्या बसच्या ड्रायव्हरलासुद्धा, ज्यानं काही विचारलंच नव्हतं.

आमच्यावरची माया अशीच राहू द्या,
न्येवेस