मावशीने दिलेला मामा

मावशी, तुला मराठी येत नव्हतं आणि आता तू जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा हे कोणत्या भाषेत लिहावं याचा मी फार विचार केला नाही. मी रागावले की मराठीतच रागावते, आणि आज सकाळपासून मी रागावलेली आहे. सकाळी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला होता. माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, ते तुला सांगायचं राहिलंच. "वहिनी, तुम्ही कसलं टेन्शन घेऊ नका," दीर म्हणाले, "कन्यादानाला मी आणि ही बसू. तुम्ही फक्त छान साडी नेसून मिरवायचं." माणूस मोठा चांगला आहे गं. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दर महिन्याला मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून विमानाने येऊन उशाशी बसायचा. चांगल्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी "बघू" म्हटलं, फोन ठेवला आणि भांडी जरा जोरात घासली. इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या देवळातल्या गुरुजींनीही हेच सुचवलं होतं, अगदी हळू आवाजात, की वडील नसले तर मुलीचे काका-काकू बसतात, पद्धत आहे. म्हणजे जिने पोर वाढवली तिने बाजूच्या खुर्चीत बसायचं, कारण तिचा नवरा गेला. तेव्हापासून तुझं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही.

मी ओक्लाहोमात आले ती फिजिओथेरपिस्ट म्हणून. पुण्याच्या मुलीला अमेरिका म्हणजे उंच इमारती वाटायच्या, आणि नोकरी मिळाली टॅलेक्वासारख्या छोट्या गावात, जिथे रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीखाली तिथल्या मूळ रहिवाशांच्या, तुमच्या चेरोकी अक्षरांत लिहिलेल्या होत्या. तू माझी पेशंट होतीस. परसातल्या मक्यात पडून खुबा मोडला होता आणि वॉकरला तू हातही लावायला तयार नव्हतीस. "बकरीला बांधल्यासारखं वाटतं," म्हणायचीस. मी तुझ्याशी भांडून भांडून तुला चालवलं आणि तू चालू लागल्यावर मला तुझ्या मागच्या खोलीत राहायला बोलावलंस. तुला नावाने हाक मारणं मला जमेना. आमच्याकडे मोठ्या बाईला मावशी म्हणतात, मी सांगितलं. मावशी म्हणजे काय, तू विचारलंस. आईची बहीण. तू शेंगा निवडता निवडता मान हलवलीस. "मग आईच की. आमच्या जुन्या रीतीत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात." इतकं सहज म्हणालीस, जणू मी कालपर्यंत कुठे गावाला गेले होते.

मग तू मला माझं कुळ विचारलंस. मी ऐटीत गोत्र सांगितलं. ते तुला कुठून मिळालं? वडिलांकडून. "ते त्यांचं झालं," तू म्हणालीस, "मी तुझं विचारतेय." तुमच्यात माणूस आईच्या कुळाचा. घर बाईचं, मका बाईचा, मुलं बाईच्या कुळाची. नवरा लग्न करून बायकोच्या घरी यायचा. आता सगळेच असं राहत नाहीत, हेही तू सांगितलं होतंस; तुझं स्वतःचं लग्न चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात झालं होतं. पण तुझ्या आजीकडून आलेलं ते घर तुझंच होतं, आणि तुझा नवरा, माझे काका, त्यावरून रोज विनोद करायचे. पूर्वी बाईला नवरा नकोसा झाला की ती त्याचं सामान दाराबाहेर ठेवायची आणि तो मुकाट्याने निघून जायचा. काका संध्याकाळी कामावरून आले की पायरीवर थांबून इकडे तिकडे बघत. "बूट आतच आहेत, म्हणजे जेवण मिळणार," म्हणत, आणि तू आतून झारा दाखवायचीस. मला हसून हसून ठसका लागायचा. माझ्या घरात वडिलांच्या पावलांचा आवाज आला की आम्ही रेडिओ बारीक करायचो.

टल्साला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा तो मुलगा, पुढे माझा नवरा झाला तो, रविवारी तुझ्याकडे जेवायला यायला लागला, तेव्हा मी त्याला वाढून हातात डाव घेऊन उभी राहिले. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी ते अजून विसरलेले नाही. "पाय दुखत नाहीत तुझे? बस." त्याला काही लागलं तर, मी पुटपुटले. "त्याला हात आहेत. बस." त्या दिवशी हिकरीचे, त्या अक्रोडासारख्या फळाचे, दाणे कुटून केलेलं तुझं ते दाट गरम सार होतं, भातावर घातलेलं. भात बघून मला रडू आलं होतं आणि तुझ्या बोलण्याने ते बाहेर पडलं. तुला वाटलं, फार बोलले. तू मला आणखी एक पळी वाढलीस.

वडिलांना तो मुलगा पसंत नव्हता. आपल्यातला नाही, एवढंच कारण. फोनवर ते म्हणाले, "करायचं तर कर. पण तुझं कन्यादान माझ्या हातून होणार नाही." आईला त्यांनी फोन दिलाच नाही. मी फोन ठेवून खोलीत बसून राहिले. लग्न कोर्टात झालं असतं, त्याला काही अडचण नव्हती. पण माझ्या मागे आपलं म्हणून कोणी उभं नाही, मी कुणाचीच नाही असं लग्न मला करायचं नव्हतं. मग मी डोकं चालवलं. घरात वडीलधारा पुरुष आहे, मावशीचा नवरा आहे, त्यालाच विचारू. काका शेडमध्ये गवत कापायचं यंत्र दुरुस्त करत होते. मी त्यांना सगळं नीट समजावलं, की मुलीचा बाप तिचा हात नवऱ्याच्या हातात देऊन तिचं दान करतो, ते तुम्ही कराल का. काकांचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू! त्यांनी फडक्याने हात पुसले, परत पुसले. "पोरी," ते म्हणाले, "मी त्या कुळाचा नाही. मी इथे राहतो, एवढंच. हे तिला विचारायचं." आणि हाताने स्वयंपाकघराकडे दाखवलं.

तू मक्याच्या पिठात शिजवलेल्या शेंगा कालवून, मक्याच्याच पानात गुंडाळत होतीस, आपल्या पानग्यांसारखं. ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "दान? तुला?" मी म्हटलं, पद्धत आहे. "मेंढी देतात, भोपळा देतात," तू म्हणालीस, "माणूस कसा देतात? आणि दिल्यावर तू परत आमच्याकडे यायचं नाहीस का?" तू पानाला गाठ मारलीस आणि म्हणालीस की तुमच्या रीतीत मुलीमागे तिची आई उभी राहते आणि आईचा भाऊ. मुलीला कोणी देत नाही. मामा सगळ्यांसमोर वचन देतो की हिच्या मुलांना वळण लावायला मी आहे. मावशी, आमच्याकडेही मांडवात नवरीच्या पाठीशी मामाच उभा असतो! एवढं मोठं जग ओलांडून आलेय आणि मामा तिथल्या तिथेच. "मी तुझी मावशी," तू म्हणालीस, "तर माझा भाऊ तुझा कोण?" मी म्हटलं, मामा. "मग झालं. कुळ मला एकटीला देता येत नाही, ते मोठ्या बायकांनी बसून ठरवायचं असतं. पण भाऊ देता येतो. फुकट जेवतो इथे."

तुझा भाऊ कमी बोलणारा. चर्चला घालायचा टाय लावून सकाळीच आला आणि परसात ऊन लागत असतानाही त्याने तो सैल केला नाही. तुमच्या रीतीप्रमाणे मुलाने मुलीला हरणाचं मांस द्यायचं, म्हणजे मी शिकार करून घर चालवीन, आणि मुलीने त्याला मका द्यायचा. माझा नवरा जन्माचा शाकाहारी. ती कागदात गुंडाळलेली तंगडी त्याने दोन्ही हातांनी लांब धरली होती, कडेवर दिलेल्या दुसऱ्याच्या ओल्या बाळासारखी, आणि काका त्याला हळूच म्हणत होते, "श्वास घे, श्वास घे." आम्ही दोघं निळ्या घोंगड्या पांघरून उभे होतो. मधे अंतरपाट हवा म्हणून मी हट्ट केला, तर तू शेवटी आम्हा दोघांवर घालायची पांढरी घोंगडी काढून दिलीस, ती काकांनी आणि टल्साच्या एका मित्राने धरली. मंगलाष्टकांची कॅसेट टेपरेकॉर्डरवर. तांदळाऐवजी तुझ्या मक्याचे दाणे, ते डोक्यावर चांगलेच लागत होते. माझ्या पाठीशी तू होतीस, वॉकरशिवाय, आणि शेजारी तो घट्ट टायवाला मामा. घोंगडी खाली आली आणि तीच आम्हा दोघांच्या खांद्यांवर आली.

अकरा वाजता फोन वाजला, पुण्यात तेव्हा रात्र होती. आई शेजाऱ्यांकडून बोलत होती, अगदी दबक्या आवाजात. "झालं का गं?" झालं, मी म्हटलं. मग तिने विचारलं, "मामा तरी कोणी उभा होता का गं तुझ्यामागे?" मी खिडकीतून पाहिलं, तो टाय सैल न करता तुझ्या त्या पानग्याचं पान सोडत होता. "होता, आई," मी म्हटलं, "सख्खा असल्यासारखा होता." आई फोनवर मोठ्याने रडली. मावशी, मला आयुष्यात पुष्कळ मिळालं, पण आईला ते उत्तर देता आलं याहून मोठं काही मिळालं असं मला वाटत नाही. ते तू दिलंस.

मग आम्ही नोकरीसाठी न्यू जर्सीला आलो. तू गेल्याचं मामानेच कळवलं, नेहमीसारखं थोडक्यात. आणि त्याने वचन पाळलं हो. माझी लेक बोलायला लागल्यापासून तो असेपर्यंत दर रविवारी त्याचा फोन यायचा. ती शाळेत कुणाशी भांडली, कुणाची माफी मागितली का, हे आईबापांआधी त्याला माहीत असायचं. नवरा गेल्यावर त्याचे बूट मी अजून दाराबाहेर ठेवलेले नाहीत. आतच आहेत, रॅकवर. घरात येताना मी बघते.

संध्याकाळी लेकीला दिरांचा निरोप सांगितला. ती लॅपटॉपवरून डोकं न काढता म्हणाली, "काका इज सो स्वीट, पण नो वे. आई, आय ॲम नॉट अ गिफ्ट. तू उभी राहणार आहेस ना?" तुझं तिने एक वाक्यही ऐकलेलं नाही. मग मी दिरांना फोन केला. म्हटलं, भाऊजी, तुम्ही दोघांनी मांडवात पहिल्या रांगेत बसायचं, तुमच्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. पण दान होणार नाही. मुलीमागे मी उभी राहीन आणि पुण्याहून माझा भाऊ येतोय तो राहील. मग ते म्हणाले, "वहिनी, लोक विचारतील." मी म्हटलं, विचारू देत, आमच्या घरची रीत आहे म्हणून सांगा. दादालाही आवडलं असतं, ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी फोन जाऊबाईंकडे दिला.

आता एकच राहिलं. गुरुजी मंत्र म्हणताना मुलीच्या बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेतात. मी त्यांना सांगितलंय की त्याबरोबर आईकडच्या तीन बायकांचीही नावं घ्या. ते जरा कुरकुरले, पण तयार झाले. पहिलं माझं, दुसरं माझ्या आईचं. तिसरं तिच्या आईचं हवं, आणि ते कुणालाच माहीत नाही. आई लहान असतानाच ती गेली; लग्नात नाव बदललेलं, पुढे सगळ्यांची ती नुसती काकी. तिचं नाव विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही.

त्या जागी मी गुरुजींना तुझं नाव लिहून दिलंय. उच्चार त्यांना दोनदा म्हणून दाखवला. कुळ बायकांनी बसून ठरवायचं असतं, मला माहीत आहे, आणि मी कुणालाही विचारलेलं नाही. तुलाही आत्ताच सांगतेय.