काळा धूर, कारण: हवा कमी

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, गरम पाण्याच्या प्रेशर मशीनने गाड्यांचे तेलकट भाग धुऊन देणारे दुकान चालवते. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी काल दिला. कुणी दटावलेले नाही, कुणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. अक्षर वाकडे आहे, कारण वाचायला मी चोपन्नाव्या वर्षी लागले आणि लिहायला त्याहून उशिरा.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांचे समान. वरची खोली मुलीची. ती आली की खाली पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसते, ते मला बघवत नाही.

२. बँकेत जे असेल ते मुलीचे. मुलाला दुकानाची जागा मिळते आहे, त्याने तोंड वाकडे करू नये.

३. नणंदेने नेलेली शिडी परत मागू नये. तिची चौथी पायरी सैल आहे. हे मी तिला अजून सांगितलेले नाही; कुणीतरी सांगावे.

४. मशीन अर्धे मुलाचे, अर्धे माझ्या दिरांचे. दोघांची सही असल्याशिवाय ते विकता येणार नाही, भंगारातसुद्धा नाही. मुलाने मशीनला कधी हात लावलेला नाही, म्हणून माहिती लिहिते. पाण्याला जोर नसेल तर आधी नोझल काढून सुईने साफ करावे, मग पाणी आत येते तिथली जाळी धुवावी. पंप ठोके देत असेल तर तो हवा ओढतो आहे. नोझल काढून, गन दाबून, सलग धार येईपर्यंत पाणी सोडावे. पंपाचे तेल दुधासारखे झाले तर आत पाणी शिरले आहे, सील बदलावे. पाणी तापत नसेल तर डिझेल आहे का ते आधी पाहावे. हसू नये, निम्म्या वेळा तेच असते. पांढरा धूर आला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे. बंद करताना आधी बर्नर, मग धार गार होईपर्यंत पाणी, मग पंप, आणि शेवटी गन दाबून नळीतला जोर सोडावा. ही शेवटची गोष्ट माझे यजमान नेहमी विसरत आणि नळी माझ्या अंगावर उसळे.

बर्नरचे काम मात्र दिरांनीच करायचे. दुसऱ्या कुणी नाही. त्याचे कारण कलम पाच.

५. काळा धूर. पुस्तिकेतल्या तक्त्यात याच्यासमोर लिहिले आहे: हवा कमी.

ही मशीनबरोबर आलेली पुस्तिका मी अक्षराला अक्षर जोडत वाचत असे. यजमान जेवताना ऐकत. मी एका ओळीवर अडले की म्हणत, "राहू दे, मशीन कुठे पळून जात नाही."

बारा वर्षांपूर्वी ते दुकानात गिअरबॉक्स धूत होते. शटर उघडे, मशीन आत दाराशी. वाऱ्याने तुषार शेजारच्या शिंपिणीच्या पडद्यांवर उडत होते, ती दोनदा सांगून गेली. मी शटर ओढले, अगदी जमिनीपर्यंत. त्यांची पाठ दाराकडे होती, मशीनच्या आवाजात त्यांना कळले नाही. मी डबा आणायला घरी गेले. परत आले तेव्हा शटर वर होते आणि दिरांनी त्यांना फुटपाथवर आणून निजवले होते. छपराला काजळी धरली होती.

आदल्या दिवशी बर्नर दिरांनी साफ केला होता. सगळे म्हणाले, हवेची झडप नीट लावली नसणार. मुलगा काकांना सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही हात लावला नसता तर बाबा असते." दिरांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. शटर उघडेच होते, असे त्यांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितले.

बर्नर बरोबर होता. हवा खोलीत नव्हती. बंद जागेत मशीन चालवू नये, हे पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर आहे. मी तेव्हा नवव्यावर होते.

यजमान जाऊन तेरावा महिना लागला तेव्हा मी दिरांकडे गेले. ते तोवर हे काम सोडून गोदामात पहारेकरी झाले होते. मी विचारले, "भावजी, खरं का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "वहिनी, त्याचा बाप गेलाच होता. आईपण कशाला घालवू?"

मी घरी परत आले आणि गप्प राहिले. मुलगा काकांशी अजून बोलत नाही. रस्त्यात दिसले तर पलीकडे जातो. ते मी बारा वर्षे पाहत आले. बर्नरला बाहेरचा माणूस लावत राहिले, म्हणजे त्या बोलण्याला माझाच दुजोरा झाला. शटर मी ओढले होते. दिरांचा काही दोष नाही. शिंपिणीचाही नाही, तिने फक्त पडदे सांभाळले.

६. पुस्तिका कुणाला द्यायची ते सुचत नाही. नवव्या पानाच्या कोपऱ्याला त्यांच्या बोटाचे तेल आहे. ती माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

वकीलबाई म्हणाल्या, पाकीट बंद करा, तुमच्यानंतर उघडतील. मी त्यांचे ऐकले असते तर कलम पाच वाचून मुलाने मला काय म्हटले असते, ते मला ऐकावे लागले नसते. म्हणून पाकीट बंद केलेले नाही. आज चार वाजता मुलगा दुकानावर येतो आहे. भावजींनाही बोलावले आहे. दोघांना समोरासमोर बसवून हा कागद मी वाचून दाखवणार. यजमान गेल्यापासून मोठ्याने काही वाचलेले नाही. अडखळेन, पण शेवटपर्यंत वाचेन.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: शेजारची शिंपीण. सही करताना ती कलम पाचवर रडली, म्हणून तिथे शाई पसरली आहे. ती खाडाखोड समजू नये.
साक्षीदार २: तपासणारे डॉक्टर

स्थळ: दुकान. शटर पूर्ण वर.
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी पावणेचार